साठेखताच्या करारपूर्तीचा दावा (नाशिक)

जमीन, फ्लॅट किंवा गाळा विकण्याचा करार (साठेखत) करून, विसार घेऊन, पुढे विकणारा खरेदीखत करून देईनासा झाला, तर ते त्याच्याकडून करवून घेण्यासाठी घेणाऱ्याने दिवाणी न्यायालयात आणलेला दावा. त्याचा मुख्य आधार १९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, बोलीभाषेत स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट. मिळकत जिथे, दावा सहसा तिथेच. त्यामुळे घेणारा मुंबईचा असला तरी नाशिकजवळच्या मखमलाबादमधील जमिनीसाठी त्याला नाशिकच्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

साठेखत म्हणजे मालकी नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या (१८८२) कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. मिळतो तो खरेदीखत मागण्याचा हक्क. कुलमुखत्यारपत्राची (पॉवर ऑफ ॲटर्नीची) जोड दिली तरी चित्र बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. तरीही 'साठेखत झालंय, म्हणजे जागा आपलीच' हा समज गंगापूर रोडपासून सिन्नरपर्यंत टिकून आहे.

दाव्याला कारण बहुधा भाववाढ. समृद्धी महामार्ग, सिंहस्थ, नवे लेआउट अशी कुठलीही चाहूल लागली की दोन वर्षांपूर्वी ठरलेला भाव विकणाऱ्याला खुपू लागतो. मग बहिणींची सही राहिली होती, मिळकत एकत्र कुटुंबाची आहे, मुदत उलटून गेली, अशा हरकती निघतात. 'हा व्यवहार विक्रीचा नव्हताच, उसनवारीच्या हमीपोटी कागद लिहून घेतला' हाही नेहमीचा बचाव. तो दरवेळी खोटा असतो असे मात्र नाही. अवैध सावकारीत हडपलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात करावी लागली, ती अशा कागदांमुळेच.

दावा विकणाऱ्याच्या कसुरीचा असला तरी कसोटी लागते ती घेणाऱ्याची. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम १६(क) प्रमाणे तो पहिल्यापासून आपला वाटा पुरा करायला तयार आणि राजी होता, हे त्याला सिद्ध करावे लागते. तयारी म्हणजे पैशांची ऐपत, राजी असणे म्हणजे वागणुकीतून दिसलेली इच्छा. न्यायालयाने सांगितल्याखेरीज उरलेली रक्कम आधी भरण्याची सक्ती नाही. पण बँकेचे उतारे, कर्जमंजुरीचे पत्र, वेळेत धाडलेली नोटीस, ठरल्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहिल्याचा पुरावा यांपैकी काहीच नसेल आणि वादी उलटतपासणीत 'पैसे घरात होते' एवढेच सांगत असेल, तर दावा तिथेच लंगडा पडतो. स्थावर मिळकतीच्या करारात मुदत हा प्राण असतो, म्हणजे ती टळली की करार संपला, असे सहसा गृहीत धरत नाहीत (चांद राणी प्रकरण, १९९३). त्या भरवशावर स्वस्थ बसणे मात्र महागात पडते: शहरात भाव झपाट्याने वाढत असताना घेणाऱ्याची दिरंगाई डोळ्याआड करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विद्यानादम प्रकरणात बजावले.

याच अधिनियमातील १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीपूर्वी, करार सिद्ध होऊनही हुकूमनामा (खरेदीखत करून देण्याचा आदेश) द्यायचा की नाही हे न्यायाधीशांच्या विवेकावर होते. आता अटी पुऱ्या झाल्यास तो द्यावाच लागतो. तयारीची अट कायम आहे.

दाव्याची मुदत तीन वर्षे. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. साठेखत नोंदणीकृत नसले तरी या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून चालते. मुद्रांक कमी असेल तर मात्र तो कागद आधी जप्त होतो आणि दंडासह शुल्क भरल्याशिवाय वाचला जात नाही. ताबा दिल्याचा उल्लेख असलेल्या साठेखतावर खरेदीखताइतकेच शुल्क लागते, हे अनेकांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर कळते.

दरम्यान विकणाऱ्याने जागा तिसऱ्यालाच विकली तर? आधीच्या साठेखताची माहिती नसताना, मोबदला देऊन, प्रामाणिकपणे घेतलेल्याला कायदा संरक्षण देतो. दावा चालू असतानाच्या विक्रीवर दाव्याचा निकाल बंधनकारक ठरतो खरा, पण महाराष्ट्रात त्यासाठी दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवावी लागते. वकील तिला 'लिस पेंडन्स' म्हणतात. मनाई हुकुमाच्या धावपळीत ती राहून जाते.

शेतजमिनीला सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकाना आडवा येतो. कुळकायद्याने मिळालेली किंवा नवीन शर्तीची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, बिगरशेतकरी खरेदीदार: अशा ठिकाणी परवानगी मिळण्याच्या अधीन राहून हुकूमनामा देता येतो. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातील आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६अ चे कडक निर्बंध आहेत. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतील विक्रीही त्यातून सुटत नाही.

निकाल लागला की उरलेली रक्कम सांगितलेल्या मुदतीत न्यायालयात भरायची. चुकल्यास विकणारा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २८ खाली करारच रद्द करून मागू शकतो. रक्कम भरूनही तो सही करत नसेल तर घेणाऱ्याने दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करायची, खरेदीखताचा मसुदा द्यायचा. हरकती ऐकून न्यायालय विकणाऱ्याच्या वतीने आपल्या अधिकाऱ्याकडून सही करवते. मग नोंदणी, आणि त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार.