महिला महाविद्यालयीन बास्केटबॉल, अमेरिकेतील : प्रशिक्षक-नियुक्तीचे अर्थकारण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठे आपल्या महिला बास्केटबॉल संघांसाठी प्रशिक्षक नेमताना जे वेतन, करार आणि कायदेशीर बंधने स्वीकारतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) ‘डिव्हिजन वन’ या सर्वोच्च गटात साडेतीनशेहून अधिक महिला संघ आहेत. त्यांतील मोजक्या मुख्य प्रशिक्षकांचे वार्षिक वेतन ३० ते ४० लाख डॉलरच्या घरात गेले आहे, तर तळाच्या संघांतील वेतन सामान्य प्राध्यापकाच्या पगाराहून फारसे वेगळे नसते. शिष्यवृत्तीपलीकडे खेळाडूंना मोबदला देण्यास दीर्घकाळ मनाई होती. त्यामुळे विद्यापीठांमधली चढाओढ खेळाडूंच्या वेतनातून नव्हे, तर त्यांना आणू शकणाऱ्या प्रशिक्षकाच्या वेतनातून व्यक्त झाली, असे बहुतेक अर्थशास्त्रज्ञ मानतात.

प्रारंभ व त्याविषयीचे मतभेद : या व्यवसायाचा आरंभ सर्वसाधारणपणे १९७२ पासून धरला जातो. त्या वर्षी जूनमध्ये ‘टायटल नाइन’ हा संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा झाला. मात्र कायद्याच्या मूळ मजकुरात क्रीडेचा उल्लेख नव्हता. तपशील १९७५ च्या नियमांत व १९७९ च्या धोरणात्मक स्पष्टीकरणात आला. त्या दशकातील वेतनाकडे पाहता बाजारपेठ म्हणण्याजोगे काही अस्तित्वात होते, असे म्हणणे कठीण आहे. इमॅक्युलाटा या लहानशा कॅथलिक महाविद्यालयाच्या प्रशिक्षक कॅथी रश यांनी १९७२ ते १९७४ अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्यांना हंगामाचे ४५० डॉलर मिळत, असे सांगितले जाते. टेनेसी विद्यापीठाने १९७४ मध्ये २२ वर्षांच्या पॅट समिट यांना महिना २५० डॉलरवर नेमले. संघाची गाडी चालवणे आणि खेळाडूंचे गणवेश धुणे हीही त्यांचीच कामे होती.

महिलांच्या स्पर्धा तेव्हा ‘एआयएडब्ल्यू’ ही स्वतंत्र महिला संघटना भरवीत असे. शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिकांनी उभारलेल्या या संघटनेने खेळाडूभरतीवर कडक बंधने घातली होती आणि १९७३ पर्यंत क्रीडा शिष्यवृत्तीही नाकारली होती. भरती नाही, शिष्यवृत्ती नाही, म्हणजे प्रशिक्षकाला जादा मोल देण्याचे कारणही नाही. १९८१-८२ मध्ये एनसीएएने महिलांच्या स्पर्धा सुरू केल्या, पहिले अजिंक्यपद लुइझियाना टेकने जिंकले, आणि लवकरच एआयएडब्ल्यू बंद पडली. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तिने केलेला दावाही फेटाळला गेला. वेतनाच्या अर्थाने खरी बाजारपेठ येथून सुरू होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९७२ हे तिचे कायदेशीर कारण ठरते, आरंभ नव्हे.

स्त्री-प्रशिक्षकांचे प्रमाण घटण्याच्या कारणांवर अधिक वाद आहे. ॲकोस्टा व कारपेंटर या दोन संशोधिकांनी अनेक दशके केलेल्या पाहणीनुसार १९७२ मध्ये महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ मध्ये सर्व खेळ मिळून हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. बास्केटबॉलमध्ये घट तुलनेने कमी आहे. पगार वाढल्याने पुरुष या पदांकडे वळले, हे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण. दुसरे असे, की पुरुष व महिला क्रीडाविभाग एकत्र झाल्यावर स्त्री-क्रीडासंचालकांची पदे गेली आणि नेमणुका पुरुष संचालकांच्या ओळखीपाळखीतून होऊ लागल्या. स्त्रियांना इतर व्यवसाय खुले झाले आणि भरतीसाठीची सततची भ्रमंती त्यांना नकोशी झाली, असे तिसरे. केवळ पगारवाढीने घट स्पष्ट होत असती, तर वेतन सर्वाधिक असलेल्या बास्केटबॉलमध्ये ती सर्वांत तीव्र दिसायला हवी होती. तसे घडलेले नाही, म्हणून दुसऱ्या स्पष्टीकरणाचे पारडे जड मानावे लागते. नोत्र दामच्या प्रशिक्षक मफेट मॅकग्रॉ यांनी २०१९ मध्ये, यापुढे आपल्या हाताखाली पुरुष सहायक नेमणार नाही, असे जाहीर केले, तेव्हा हा जुना वाद पुन्हा पेटला.

समान वेतनाचा प्रश्न : कायद्याच्या बाजूने सर्वाधिक चर्चा झालेले प्रकरण दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे (यूएससी). तेथील महिला संघाच्या प्रशिक्षक मेरिॲन स्टॅन्ली यांनी त्यापूर्वी ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली होती. १९९३ मध्ये त्यांचा करार संपत आला, तेव्हा मूळ वेतन ६० हजार डॉलरच्या आसपास होते. पुरुष संघाचे प्रशिक्षक जॉर्ज रॅव्हलिंग यांचे त्याच्या दुपटीहून अधिक होते. विद्यापीठाने तीन वर्षांसाठी अनुक्रमे ८०, ९० हजार व १ लाख डॉलर देऊ केले. स्टॅन्ली यांनी पहिले दीड वर्ष ९६ हजारांच्या दराने व पुढे रॅव्हलिंग यांच्याइतके वेतन मागितले. त्यावर विद्यापीठाने ९६ हजार मान्य केले, पण करार फक्त एका वर्षाचा. तो न स्वीकारल्याने पद गेले आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले.

संघराज्याच्या नवव्या मंडलाच्या (प्रादेशिक विभागाच्या) अपील न्यायालयाने १९९४ मध्ये तात्पुरता मनाईहुकूम नाकारला. पुरुष संघाचे उत्पन्न महिला संघाच्या ९० पट आहे आणि ते मिळवण्यासाठी रॅव्हलिंग यांच्यावर प्रसिद्धीची व निधी उभारणीची अधिक जबाबदारी आहे, असे कारण त्यात दिले होते. १९९९ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने अंतिम निर्णय दिला. परंतु दोन्ही कामे ‘समान’ आहेत की नाहीत, या मूळ प्रश्नाला बगल देऊन रॅव्हलिंग यांचा ३१ वर्षांचा व स्टॅन्ली यांचा १७ वर्षांचा अनुभव यांवर भर दिला. एका न्यायाधीशाने भिन्नमत नोंदवले. दोन निकालांमधील हा बदल पुष्कळदा दुर्लक्षिला जातो, आणि उत्पन्नाचा युक्तिवाद न्यायालयाने कायमचा मान्य केला असे लिहिले जाते. ते अचूक नाही. स्टॅन्ली यांना काही काळ काम मिळाले नाही. पुढे त्या स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया विद्यापीठांत आणि त्यानंतर व्यावसायिक लीगमध्ये प्रशिक्षक झाल्या.

दरम्यान १९९७ मध्ये समान रोजगार संधी आयोगाने क्रीडाप्रशिक्षकांच्या वेतनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. महिला संघाच्या प्रसिद्धीवर विद्यापीठच कमी खर्च करीत असेल, तर त्यातून आलेले कमी उत्पन्न हे कमी वेतनाचे समर्थन म्हणून सहज पुढे करता येणार नाही, असा त्यांचा रोख आहे. उत्पन्नाच्या युक्तिवादातील हे वर्तुळ आयोगाने नेमके पकडले, असे म्हणता येईल. त्याआधी, १९९३ मध्ये, हॉवर्ड विद्यापीठाच्या प्रशिक्षक सान्या टायलर यांना जूरीने मोठी भरपाई दिली होती. ती रक्कम न्यायाधीशांनी नंतर कमी केली.

टायटल नाइनखालील तपासणी मात्र वेगळ्या अंगाने होते. हा कायदा प्रामुख्याने विद्यार्थ्यांचे हक्क पाहतो. विद्यार्थिनींना कमी दर्जाचे प्रशिक्षण मिळत असेल, तरच प्रशिक्षकाच्या वेतनातील फरक त्याच्या कक्षेत येतो. महिला संघाचा प्रशिक्षक पुरुष असला तरी त्याचेही वेतन कमीच, म्हणून हा प्रशिक्षकाबाबतचा लिंगभेद नव्हे, या धर्तीचा निर्णय मिनेसोटा विद्यापीठाच्या जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षिकेच्या दाव्यात १९९४ मध्ये झाला.

वेतनवाढ : समिट यांचे वेतन २००६ मध्ये दहा लाख डॉलरच्या पुढे गेले, महिला बास्केटबॉलमध्ये तो टप्पा गाठणाऱ्या त्या पहिल्या प्रशिक्षक मानल्या जातात. कनेक्टिकटचे जीनो ऑरिएमा यांनी २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी सुमारे दीड कोटी डॉलरचा करार केला. दक्षिण कॅरोलायनाच्या डॉन स्टेली यांचा त्याच वर्षीचा करार सात वर्षांचा व २ कोटी २४ लाख डॉलरचा होता. जानेवारी २०२५ मधील नव्या करारानुसार त्यांचे वेतन वर्षाला ४० लाखांपासून सुरू होऊन दरवर्षी अडीच लाखांनी वाढते.

किम मल्की यांचे उदाहरण कराराच्या मुदतीचे महत्त्व दाखवते. लुइझियाना टेकमध्ये पंधरा वर्षे सहायक राहिल्यावर २००० मध्ये मुख्य पद त्यांच्याकडे येणार होते. त्यांनी पाच वर्षांचा करार मागितला, संस्था तितकी मुदत देण्यास तयार नव्हती, आणि त्या टेक्ससमधील बेलरला गेल्या. तेथे तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे आली. २०२१ मध्ये त्या लुइझियानात परतल्या, पण जुन्या संस्थेत नव्हे, तर लुइझियाना स्टेट विद्यापीठात. २०२३ च्या विजयानंतर त्या विद्यापीठाने त्यांना दहा वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलर दिले. मुदत ही येथे नुसती नोकरीची हमी नसते. कराराची दोनच वर्षे उरली असतील, तर शाळकरी खेळाडू व तिचे पालक ‘तुम्ही तरी इथे राहणार का?’ असे विचारतात, आणि भरती तिथेच अडते. म्हणून करार संपण्याआधीच वाढवले जातात आणि मुदतीपूर्वी काढल्यास द्यावयाची भरपाईही त्यासोबत फुगत जाते.

या आकड्यांकडे सावधपणे पाहणे आवश्यक आहे. ‘मूळ वेतन’ बहुधा एकूण रकमेचा लहान भाग असते. उरलेले प्रसारमाध्यमे, भाषणे, बूट-कंपन्यांचे करार व विजयाचे बोनस यांतून येते. राज्य विद्यापीठांचे करार माहितीच्या कायद्याने उघड होतात, खासगी विद्यापीठांबाबत प्राप्तिकर विवरणपत्रांतील उशिराच्या नोंदींवर विसंबावे लागते. १९९४ च्या क्रीडासमता प्रकटन कायद्याखाली संस्था प्रशिक्षकांची सरासरी वेतने जाहीर करतात खऱ्या, पण ती सर्व महिला संघांची मिळून असतात, खेळागणिक नव्हे.

उत्पन्नाची बाजू : पुरुषांच्या स्पर्धेत संघ जसजसे सामने खेळतो, तसतसा त्याच्या परिषदेला (ज्या विद्यापीठगटात तो खेळतो त्याला) ‘युनिट’ नावाचा वाटा मिळतो, महिलांच्या स्पर्धेत २०२५ पूर्वी असे काहीच नव्हते. म्हणजे अजिंक्यपदानेही स्पर्धानिधीतून विद्यापीठाकडे एक डॉलर येत नसे. महिला स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क इतर अनेक खेळांसोबत एकगठ्ठा विकले जात. २०२१ च्या स्पर्धेत महिलांना दिलेल्या तुटपुंज्या व्यायामसाहित्याची चित्रफीत गाजल्यावर एनसीएएने नेमलेल्या विधी संस्थेच्या अहवालाने, केवळ महिला बास्केटबॉलचे हक्क २०२५ पासून वर्षाला ८ ते ११ कोटी डॉलरचे ठरू शकतील, असा अंदाज दिला. २०२४ मध्ये झालेल्या आठ वर्षांच्या एकत्रित करारात मात्र संघटनेने त्यांचे मूल्य सुमारे साडेसहा कोटी धरले. त्याच वर्षी दक्षिण कॅरोलायना व आयोवा यांच्यातील अंतिम सामन्याला सरासरी १ कोटी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. पुरुषांच्या अंतिम सामन्याहून ही संख्या मोठी होती. जानेवारी २०२५ मध्ये महिलांसाठी युनिट मंजूर झाले. पहिला निधी दीड कोटी डॉलरचा असून तो अडीच कोटींपर्यंत वाढायचा आहे. वरीलपैकी बहुतेक मोठे करार या निर्णयाच्या आधीचे असल्याने वेतनवाढ थेट उत्पन्नातून आली, असे म्हणता येत नाही. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंनाच थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. हा पैसा काही अंशी प्रशिक्षकांच्या वाट्यातून जाईल, असा तर्क केला जातो.

सहायक प्रशिक्षक व खालचे गट : एनसीएएने १९९० च्या दशकात काही सहायक प्रशिक्षकांच्या वेतनावर वर्षाला १६ हजार डॉलरची कमाल मर्यादा घातली होती. पुरुष बास्केटबॉलमधील सहायकांनी केलेल्या दाव्यात दहाव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने १९९८ मध्ये ती मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवली आणि पुढील वर्षी संघटनेने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. प्रशिक्षकांच्या वेतनाला संघटनेकडून लगाम बसणार नाही, हे तेव्हा ठरून गेले. २०२३ पासून प्रत्येक बास्केटबॉल संघाला आणखी दोन सहायक नेमता येतात, मात्र तेव्हाच्या नियमानुसार त्यांना आवाराबाहेर भरती करता येत नसे. क्रीडा शिष्यवृत्ती न देणाऱ्या ‘डिव्हिजन थ्री’मध्ये प्रशिक्षकपद पुष्कळदा अध्यापन, प्रशासन किंवा दुसऱ्या एखाद्या खेळाच्या जबाबदारीशी जोडलेले असते.