संरचनात्मक बदल (अर्थव्यवस्था)

देशाच्या उत्पादनातला आणि रोजगारातला शेती, उद्योग व सेवा यांचा वाटा दीर्घकाळात बदलत जाणे म्हणजे संरचनात्मक बदल. मंदीत गेलेले काम तेजी आल्यावर बहुधा परततेच. संरचनात्मक बदलात गेलेले काम त्या जागी सहसा परतत नाही.

मोजताना उत्पादनाचा आणि रोजगाराचा वाटा शेजारी-शेजारी मांडावा. भारतात २०२३-२४ मध्ये शेती व संलग्न क्षेत्राचा सकल मूल्यवर्धनातला (उत्पादनातून लागलेल्या कच्च्या मालाची व सेवांची किंमत वजा केल्यावर उरणाऱ्या मूल्यातला) वाटा सुमारे १८ टक्के होता, तर श्रमबल सर्वेक्षणानुसार ४६.१ टक्के लोक त्यात कामाला होते. १८ ला ४६ ने भागले की ०.३९ येते, म्हणजे शेतीतल्या माणसामागचे उत्पादन देशाच्या सरासरीच्या ०.३९ पट; उरलेल्या क्षेत्रांसाठी ८२ भागिले ५४ म्हणजे १.५२. शेतीतल्या माणसामागचे उत्पादन इतरांच्या जेमतेम चतुर्थांश भरते. २०१८-१९ मध्ये रोजगारातला हाच वाटा ४२.५ टक्के होता. करोनाकाळात माणसे शेतीकडे वळली आणि वाटा पुन्हा पूर्वीइतका खाली आला नाही. ही उलटी चाल फक्त उत्पादनाचे आकडे पाहणाऱ्याला दिसतच नाही.

आकडे फसवतातही. कारखान्याने सुरक्षारक्षक, उपाहारगृह कंत्राटदाराकडे दिले की तेच काम उद्योगातून निघून सेवांमध्ये मोजले जाते. चालू किमतींत, म्हणजे त्या-त्या वर्षाच्या भावांत, वाटा वाढला, तरी ती निव्वळ भाववाढ असू शकते. म्हणून स्थिर किमतींचे, म्हणजे एकाच आधारवर्षाच्या भावांनी मोजलेले, आकडेही पाहावेत. आधारवर्ष बदललेल्या दोन मालिका थेट जोडू नयेत. शेतीत वर्षातले काही महिनेच काम असणारेही पूर्ण माणूस म्हणून मोजले जातात, त्यामुळे वरचा ०.३९ थोडा कमीच दाखवतो.

मुंबईच्या गिरणगावाचा ऱ्हास १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपामुळे झाला, असे सर्रास सांगितले जाते. हे अपुरे आहे. विणकाम आधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होते. संपाने वेग दिला. माग राज्यातच राहिले, पण कायम नोकरी, पगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी त्यांच्यासोबत गेले नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि कार्यालये उभी राहिली. तिथल्या नोकऱ्यांना लागणारे शिक्षण चाळिशी ओलांडलेल्या साचेवाल्याकडे (गिरणीत माग चालवणाऱ्या कामगाराकडे) नव्हते. शहराचे उत्पन्न वाढले तरी त्याच्या घरात ते पोहोचले नाही.