गूगल काढलं म्हणजे फोन सेफ झाला?

"गूगल काढून कस्टम रॉम टाकली की फोन एकदम सुरक्षित" हे वर्षानुवर्षं फिरतंय, आणि ते अर्धंच खरं आहे. (कस्टम रॉम म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी टाकलेली, दुसऱ्यांनी बनवलेली अँड्रॉइड सिस्टीम.) गूगलकडे जाणारा डेटा कमी होतो हे मान्य, पण ती झाली प्रायव्हसी, सिक्युरिटी वेगळी.

लिनिएजओएस या कस्टम रॉमचंच घ्या. २०१६ च्या शेवटी सायनोजेनमॉड ही जुनी कस्टम रॉम बंद पडली त्यातून हे उभं राहिलं, आणि कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनला नवीन अँड्रॉइड मिळतं ते यांच्यामुळे, खरंच मोठं काम आहे. पण ती टाकायला बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो आणि बहुतेक फोनवर तो तसाच ठेवावा लागतो, म्हणजे फोन थोडा वेळ कोणाच्या हातात गेला तर सिस्टीममध्ये फेरफार करता येतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. शिवाय मोडेमचं, चिपचं फर्मवेअर (ते भाग चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) कंपनीकडूनच येतं, तिने अपडेट थांबवले की रॉम कितीही ताजी असो, त्यातल्या त्रुटी तशाच राहतात.

ग्राफीनओएस या दुसऱ्या कस्टम रॉमने गूगलचे पिक्सेल फोन निवडले ते यासाठीच, तिथे रॉमच्या स्वतःच्या डिजिटल किल्लीने बूटलोडर परत लॉक करता येतो. गूगल प्ले हवंच असेल तर ते साध्या अ‍ॅपसारखं सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळं ठेवून चालतं. मात्र काही बँकांची अ‍ॅप्स प्ले इंटिग्रिटी (फोन आणि त्यातली सिस्टीम मूळ आहे का ही गूगलची तपासणी) वापरून सरळ नकार देतात, त्यामुळे सगळा व्यवहार यूपीआयवर असेल तर आपल्या बँकेचं अ‍ॅप चालतं का ते आधी बघा. आणि बूटलोडर लॉकच होत नसेल तर त्या फोनवर बँकेचं काहीच ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.