दिसू नये म्हणून बांधलेली भिंत

इंग्लंडमधील बकिंगहॅमशर परगण्यातल्या स्टो येथील उद्यानात हिरवळ थेट पलीकडच्या कुरणाला जाऊन मिळाल्यासारखी दिसते, तरीही कुरणातली जनावरे बागेत येऊ शकत नाहीत, कारण मध्ये खंदक आहे. खंदकाची बागेकडची बाजू उभ्या भिंतीची आणि कुरणाकडची उताराची असते. भिंतीचा माथा हिरवळीच्या पातळीवरच संपत असल्यामुळे ती बागेच्या बाजूने दिसत नाही. या रचनेला ‘हा-हा’ म्हणतात. १७०९ साली फ्रान्समध्ये देझालिए द’आर्जांव्हिल यांनी उद्यानरचनेवरील ग्रंथात असा खंदक जवळ जाताच पाहणाऱ्याला चकित करून ‘आह! आह!’ म्हणायला लावतो, असे लिहिले होते. स्टो येथील हा-हा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चार्ल्स ब्रिजमन यांनी आखली. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या क्यू येथील मनोरुग्णालयातही हीच युक्ती वापरली गेली. बाहेरून बुटकी वाटणारी भिंत आतल्या रुग्णाला मात्र ओलांडता येत नसे.

ही भिंत कुंपणाची वाटली, तरी तिचे खरे काम माती अडवून धरण्याचे आहे, आणि तिचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मागे साचणारे पाणी. दीड मीटर उंचीच्या भिंतीच्या दर मीटर लांबीवर कोरडी, सुटी माती साधारण पाऊण टनाच्या आसपास रेटा देते. तीच माती माथ्यापर्यंत पाण्याने भरली, तर एकट्या पाण्याचाच रेटा एक टनाहून अधिक होतो आणि एकूण भार दुपटीपलीकडे जातो. म्हणून भिंतीला पोट आलेले दिसले, की दगडांपेक्षा आधी निचऱ्याकडे पाहावे. पाणी निघून जाण्याची भोके बुजली आहेत का, खंदक गाळाने भरला आहे का, जवळच्या झाडाची मुळे दगड-विटांमधल्या दरजांत (सांध्यांत) शिरली आहेत का, हे तपासल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही.

जुन्या दरजा सिमेंटने भरणे ही तर मला सर्वांत घातक चूक वाटते. दरजांतला चुन्याचा मसाला सच्छिद्र असल्याने ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट ती अडवते, मग ओल विटेतच राहते आणि थंडीत गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगून विटेचा दर्शनी थर सोलून काढते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, म्हणून हे काम गोठवणाऱ्या थंडीआधी पुरेसा अवधी राखून करावे लागते, आणि ताज्या दरजा लवकर सुकू नयेत म्हणून त्यांवर ओले गोणपाट टाकून ठेवावे लागते.