गोव्यातल्या मधपेटीचा हिवाळा जूनमध्ये येतो

थंड देशांत मधपाळाची कसोटी डिसेंबरात लागते. गोव्यात डिसेंबर ही सुगीची सुरुवात. काजू मोहोरतो, पाठोपाठ आंबा येतो आणि पेटीत मध चढू लागतो. आपल्याकडच्या माश्यांचे हाल होतात ते मिरगापासून चतुर्थीपर्यंत. मात्र पेटी आणि ती सांभाळायचे नियम आले बर्फाच्या मुलखातून. तिकडे ते कशापायी बसवले गेले हे कळले, तरच त्यातले इथे काय चालेल ते ठरवता येते.

युरोपात माश्या शतकानुशतके गवताच्या टोपल्यांत पाळल्या जात. शरद ऋतूत टोपल्या हाताने उचलून पाहत. सर्वांत जड टोपलीत मध भरपूर, म्हणून ती गंधकाच्या धुरीवर धरायची. सर्वांत हलकी हिवाळ्यात तरणारच नाही, म्हणून तीही धुरीवर. मधल्या वजनाच्या तेवढ्या जगत. 1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आले की 6 ते 9 मिलिमीटरची फट माश्या मेणाने भरत नाहीत आणि डिंकानेही चिकटवत नाहीत. ती फट राखून चौकटी टांगल्या की पोळे न तोडता बाहेर काढता येते. 1857 मध्ये मेहरिंग यांचा मेणपत्रा आला (कोठड्यांचे ठसे उमटवलेला मेणाचा पत्रा, त्यावर माश्या पोळे बांधतात), 1865 मध्ये ह्रुश्का यांचे मध काढायचे यंत्र. माश्यांची वसाहत न मारता मध घेता येऊ लागला आणि हिवाळ्यासाठी किती मध मागे ठेवायचा हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत पेटीमागे 25 ते 40 किलो मध ठेवतात.

1914 मध्ये फिलिप्स आणि डेमुथ यांनी हिवाळी घोळक्याच्या तापमानाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पारा 14 अंशांच्या आसपास उतरला की माश्या एकमेकींना चिकटून घट्ट गोळा बनवतात आणि आतल्या माश्या पंखांचे स्नायू थरथरवून ऊब धरतात. इंधन मधाचे. एक किलो मध संपला की सुमारे 650 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ही वाफ गार झाकणाला लागून थेंब बनते आणि खालच्या माश्यांवर ठिबकते. सुक्या थंडीत चांगली वसाहत तगते, ओली झाली की मरते. म्हणून तिकडे झाकणाखाली ऊबदार थर देतात आणि वर वाफेला वाट ठेवतात. गोव्यासाठी त्या सगळ्या अनुभवातला सर्वांत मोलाचा धडा हाच.

भारतात चौकटींची पेटी रुळली ती फादर न्यूटन यांच्यामुळे. 1910 नंतरच्या दशकात तिरुचिरापल्लीत त्यांनी देशी माशीच्या मापाची छोटी पेटी बनवली. पुढे खादी ग्रामोद्योगाने हे काम देशभर नेले, पण 1961 पर्यंत गोवा पोर्तुगिजांकडे होता. 

इथली माशी सातेरी. गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात, आणि ही माशीही ओसाड वारुळात, झाडाच्या ढोलीत, जांभ्याच्या भिंतीतल्या पोकळीत राहते. तिच्यात आणि युरोपीय माशीत दोन फरक आहेत, आणि पावसाळ्यात नेमके तेच आडवे येतात. ती झाडांचा डिंक आणत नाही, त्यामुळे पेटीच्या फटी स्वतः बुजवत नाही. आणि उपासमार किंवा त्रास वाढला की घट्ट धरून न बसता पेटी सोडून जाते.

तिसरी गोष्ट हवामानाची. थंड देशांतल्या हिवाळी माश्या पाच-सहा महिने जगतात, कारण त्यांना पिल्ले वाढवायची नसतात. गोव्यात पावसाळ्यातही 24 ते 30 अंशांची हवा, त्यामुळे कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांचीच. चार महिन्यांत तीन पिढ्या जातात. नुसता मध ठेवून पेटी बंद करण्याची थंड देशांतली रीत म्हणूनच इथे फसते. पिल्लांना पराग लागतो, आणि तो पावसाने धुऊन जातो. वर्षभर फुलणारे माड आणि पावसातली लाजाळू यांचाच काय तो आधार. कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कडेची पेटी उघड्या सड्यावरच्या पेटीपेक्षा बरी टिकते, ती यामुळे.

तयारी मेअखेरीस करायची. मधकोठी, म्हणजे पेटीचा मधाचा वरचा मजला, काढून घ्या. माश्यांनी मेणाने न मिटलेला मध दमट हवेत पाणी ओढतो आणि आंबतो. शिशुकोठीत, म्हणजे पिल्लांच्या खालच्या मजल्यात, पिल्लांभोवती असलेल्या मधाच्या कमानीला मात्र हात लावू नका. माश्या झाकतील तेवढीच पोळी ठेवा, कारण रिकाम्या पोळ्यात मेणकिडा शिरतो आणि जाळी विणत आठवड्या-दोन आठवड्यांत ते पोखरतो. पेटी किंचित पुढे कललेली, दार पूर्वेकडे, वर पत्र्याचे झाकण, फटी मेणाने बुजवलेल्या. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंगळे चढतात.

साखर आठवड्याला सुमारे 200 ग्रॅम, तितक्याच पाण्यात विरघळवून, संध्याकाळी, पेटीच्या आत. दिवसा किंवा उघड्यावर दिली की शेजारच्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात आणि दुबळी वसाहत त्यातच संपते. एका रात्रीत संपेल एवढेच द्या, उरलेला पाक आंबतो. दर आठवड्याला उघडिपीत तळफळी खरवडून पुसा.

1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती नेल्या. त्याची खूण लक्षात ठेवण्यासारखी: अळी कोठडीत उताणी, डोके वर वळलेले, आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबते. औषध नाही. अशा पेटीतली चौकट दुसऱ्या पेटीत देऊ नये आणि राणी बदलावी. दमट, अर्धपोटी वसाहतीत हा रोग लवकर बळावतो.

चतुर्थीच्या सुमारास तेरडा फुलतो, राणी पुन्हा जोमाने अंडी घालते आणि गांधीलमाश्याही दारावर घिरट्या घालू लागतात. तेव्हा दार अरुंद करा, मेणपत्र्याची एकेक चौकट वाढवत न्या. मधकोठी चढवायची ती शिशुकोठी माश्यांनी भरल्यावरच.