तीव्र कोनबंद काचबिंदू : औषधोपचार

डोळ्याच्या आत सतत पाणी (अश्रू नव्हेत) तयार होत असते. पारपटल (बुबुळावरची पारदर्शक काच) आणि डोळ्याचा रंगीत पडदा (परितारिका) यांच्या सांध्यातल्या अरुंद कोनातून ते झिरपून जाते. हा कोन एकाएकी मिटला, की पाणी तुंबते आणि एरवी १० ते २१ मिलिमीटर पारा असणारा डोळ्याचा दाब काही तासांत ५०-६० पर्यंत चढतो. हाच तीव्र कोनबंद काचबिंदू. मिटल्या पापणीवरून दोन बोटांनी चाचपले, तर असा डोळा गोटीसारखा टणक लागतो. बाहुली अर्धवट विस्फारलेली असते, टॉर्च मारला तरी हलत नाही. पन्नाशीपुढच्या, प्लस नंबरचा चष्मा असलेल्या स्त्रियांत हा झटका जास्त, कारण त्यांचा डोळा मुळात आखूड आणि म्हणून कोन अरुंद असतो.

डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. पण त्याआधी डोके ठणकते आणि उलट्या होतात. मग सांगली असो की आटपाडी, घरचे निदान ठरलेले : ‘पित्त उठलंय.’ पोटात मुरडा समजून डायसायक्लोमिनसारखे औषध दिले गेले, तर बाहुली आणखी रुंदावते आणि कोन जास्तच मिटतो. डोळ्यावर पट्टी बांधणेही चूकच. अंधारातही बाहुली मोठीच होते.

उपचाराची सुरुवात ॲसिटाझोलामाइडने होते. एकदम ५०० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या दोन गोळ्या. उलट्या थांबत नसतील तर तेच शिरेतून. हे औषध पाणी तयार होणेच कमी करते. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते. पण सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का, हे आधी विचारलेच पाहिजे. जोडीला दाब उतरवणारे टिमोलॉल ०.५ टक्के आणि ब्रिमोनिडीनचे थेंब. दमेकऱ्याला टिमोलॉल देत नाहीत, थेंबानेही दम लागू शकतो. आतली सूज उतरायला स्टेरॉइडचे थेंब असतात.

बाहुली आवळणारे पिलोकार्पिन १८७० च्या दशकापासून काचबिंदूत वापरात आहे. तरी ते पहिल्या क्षणी ओतण्यात अर्थ नाही. दाब फार चढलेला असताना परितारिकेच्या स्नायूला रक्तच पुरत नाही, त्यामुळे तो आवळतच नाही. दाब थोडा उतरल्यावर २ टक्क्यांचा थेंब काम करतो.

एवढ्यानेही भागले नाही तर डोळ्यातले पाणी ओढून घेणारे २० टक्के मॅनिटॉल शिरेतून, वजनाच्या दर किलोला १ ते २ ग्रॅम. साठ किलोच्या बाईला किमान ३०० मिलिलिटर, अर्ध्या-पाऊण तासात. थंडीत या बाटलीत खडीसाखरेसारखे स्फटिक धरतात; बाटली कोमट पाण्यात ठेवून ते पूर्ण विरघळवल्याशिवाय सलाईन लावत नाहीत. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅनिटॉल धोक्याचे. त्याच कामाचे, तोंडाने घ्यायचे ग्लिसरॉल मधुमेह्याला देत नाहीत, साखर चढते.

मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण जतेकडून तिथवर यायचे तर तासांचा हिशोब. म्हणून ॲलर्जीची आणि मूत्रपिंडाची चौकशी करून गावच्या डॉक्टरांनीच ॲसिटाझोलामाइडचा पहिला डोस द्यावा आणि रुग्णाला उताणे झोपवून पाठवावे. त्या स्थितीत डोळ्यातले भिंग थोडे मागे सरकते आणि कोन उघडायला मदत होते. औषधांनी मिळतो तो अवधी. दाबाने धुरकटलेले पारपटल निवळले, की लेसरने परितारिकेला बारीक छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट करून देतात. दुसऱ्या, न दुखणाऱ्या डोळ्यालाही तेच करतात, कारण तोही तेवढाच आखूड असतो.