मोंते ब्राझील

मोंते ब्राझील : अटलांटिक महासागरातील अझोर्स या पोर्तुगीज द्वीपसमूहापैकी तेर्सेरा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील मृत ज्वालामुखीचे द्वीपकल्प. कमाल उंची २०५ मी. ते एका अरुंद संयोगभूमीने मूळ बेटाशी जोडलेले असून तिच्या उत्तरेस आंग्रा दु एरोइझ्मु हे शहर वसले आहे. संयोगभूमीच्या पूर्वेस आंग्राचा व पश्चिमेस फानालचा उपसागर आहे.

उथळ समुद्रात झालेल्या उद्रेकात तप्त शिलारसाची पाण्याशी गाठ पडून स्फोट होत गेले आणि उडालेली राख थरांवर थर बसून घट्ट झाली, तिचा हा शंकू होय. सह्याद्रीचा काळा पाषाण भेगांतून वाहत आलेल्या लाव्ह्याचा आहे. येथील खडक त्याहून ठिसूळ, पिवळसर-तपकिरी असून लाटांनी तासलेल्या कड्यांत राखेचे थर स्पष्ट दिसतात. मध्यभागी खोलगट विवर असून त्याभोवती चार माथे आहेत.

‘ब्राझील’ या नावाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ते रंगाच्या लाकडावरून आले. तांबडा रंग देणाऱ्या लाकडाला मध्ययुगीन युरोपीय व्यापारात ‘ब्राझील’ म्हणत; आपल्याकडे ज्याला पतंगाचे लाकूड म्हणतात, तेच पूर्वेकडून भूमध्य समुद्राच्या बाजारात या नावाने जाई. पतंग अझोर्समध्ये मूळचा नाही. म्हणून या मताचे पुरस्कर्ते तेथील रंगोपयोगी दगडफुलाकडे किंवा लाल राळ देणाऱ्या ड्रॅगन वृक्षाकडे बोट दाखवितात. दुसऱ्या मतानुसार हे नाव नकाशांतून आले. चौदाव्या शतकातील सागरी नकाशांत ‘ब्राझील’ नावाचे बेट कधी आयर्लंडच्या पश्चिमेस, तर कधी बरेच दक्षिणेकडे दाखविलेले आढळते. १३५१ चा मानला जाणारा मेदिची नकाशासंग्रह (त्याचा काही भाग उत्तरकालीन असावा, असेही म्हटले जाते) ते अझोर्ससदृश बेटांच्या रांगेत दाखवितो आणि अनेक अभ्यासक ते तेर्सेरा असल्याचे मानतात. बेटावर पोर्तुगीज वसाहत पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झाली. त्यापूर्वीच नकाशांत रुळलेले नाव बेटाला न चिकटता त्याच्या एका डोंगरावर शिल्लक राहिले, हे अधिक संभवनीय वाटते. अर्थात नकाशातील नावच मुळात रंगाच्या लाकडावरून किंवा आयरिश दंतकथेतील बेटावरून आले असल्यास ही दोन मते फारशी दूरची ठरत नाहीत.

भारताहून परतणाऱ्या पोर्तुगीज जहाजांचा आंग्रा हा महत्त्वाचा थांबा होता. वास्को द गामाचा भाऊ पाउलो पहिल्या सफरीवरून परतताना १४९९ मध्ये येथेच वारला. गोव्यात आर्चबिशपच्या सेवेत पाच वर्षे काढलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन १५८९ मध्ये परतीच्या वाटेवर तेर्सेराला उतरला आणि सुमारे अडीच वर्षे राहिला. त्याने केलेले या डोंगराचे वर्णन मोलाचे आहे. माथ्यावर दोन खांब असून तेथे सतत टेहळ्या असे; पश्चिमेकडून, म्हणजे हिंदुस्थान, ब्राझील किंवा गिनीकडून, गलबत दिसले की तो पश्चिमेच्या खांबावर प्रत्येक गलबतामागे एक निशाण चढवी आणि संख्या पाचावर गेली की संपूर्ण ताफ्याची खूण म्हणून मोठे निशाण लावी. पोर्तुगालकडून येणाऱ्यांसाठी पूर्वेचा खांब होता. गोव्याच्या मालाची वाट पाहणाऱ्या शहराला ती बातमी प्रथम या डोंगरावरून कळे.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या सैन्याने १५८३ मध्ये बेट जिंकल्यानंतर संयोगभूमीवर सेंट फिलिपचा किल्ला बांधण्यास घेण्यात आला. आरंभ साधारणतः १५९२-९३ चा मानतात. खडकात खोदलेला खंदक, त्यावरील दगडी कमानींचा पूल आणि रुंद कोनाकृती बुरूज ही त्याची वैशिष्ट्ये. मुख्य तट शहराकडे तोंड करून आहे. अमेरिकेहून चांदी आणणाऱ्या स्पॅनिश ताफ्यांचे चाच्यांपासून रक्षण हा हेतू सांगितला जातो. तथापि नुकत्याच जिंकलेल्या शहरावर वचक ठेवणे हाही तितकाच महत्त्वाचा हेतू असावा. पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाल्यावर स्थानिकांनी १६४१ मध्ये वेढा घातला, तो सुमारे वर्षभर चालून १६४२ मध्ये स्पॅनिश शिबंदी शरण आली आणि किल्ल्याला सेंट जॉन बाप्टिस्टचे नाव मिळाले. पुढे तो बंदिवासासाठीही वापरला गेला. पोर्तुगालचा पदच्युत राजा सहावा अफोन्सू येथे १६६९ ते १६७४ पर्यंत होता. दक्षिण मोझांबिकमधील गाझा राज्याचा अखेरचा राजा गुंगुन्याना १८९६ मध्ये येथे आणला गेला व १९०६ मध्ये आंग्रातच वारला.

किल्ल्यात अद्याप लष्कर असल्याने आतील भाग मार्गदर्शकासोबत पाहावा लागतो; द्वीपकल्पाचा उर्वरित भाग राखीव वन म्हणून खुला आहे. पायवाटेने संपूर्ण फेरी अर्ध्या दिवसात होते. क्रुझिन्याश माथ्यावर बेटाच्या शोधाच्या पाचशेव्या वर्षानिमित्त उभारलेला स्तंभ व दुसऱ्या महायुद्धकालीन तोफा आहेत. तेथून आंग्राची लाल कौले, चर्चचे मनोरे आणि बंदर यांचा देखावा अतिशय रमणीय दिसतो. १ जानेवारी १९८० च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले हे शहर पुन्हा उभारण्यात आले आणि १९८३ मध्ये त्याचा मध्यवर्ती भाग जागतिक वारसा ठरला. समुद्राकडील एका माथ्यावर देवमाशांवर नजर ठेवण्याची जुनी चौकी आहे.